दोन रुपये पान

गावातल्या सिमेंट रस्त्याला पहिल्याच पावसाळ्यात भेगा पडल्या, की कोणीतरी हमखास माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला अदा केलेली बिले यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, एवढीच मागणी. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला असतो, स्वतःच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेतलेला असतो. तीन-चार आठवड्यांनी पत्र येते ते दोन ओळींचे: आपण मागितलेली माहिती 340 पृष्ठांची असून त्यापोटी रु. 680 कार्यालयात जमा करावेत.

बरेच अर्ज इथेच थांबतात.

महाराष्ट्रात हे दर 2005 च्या नियमांनी ठरले. अर्जाला 10 रुपये, झेरॉक्सच्या प्रत्येक पानाला 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ. ग्रामपंचायत असो, नगरपालिका असो की जिल्हा परिषद, दर हेच. दोन रुपयांबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. अडचण पानांच्या संख्येत आहे. मोजमाप पुस्तिकेची बारा पाने पुरली असती, तिथे टिपण्या, स्मरणपत्रे, एकाच पत्राच्या चार-चार प्रती असे सगळे बाड मोजले जाते. फाईल न पाहिलेल्या माणसाला त्यातले नेमके कोणते पान हवे हे कळणार कसे?

कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केलेला होता. कलम 7(3) नुसार नुसता आकडा कळवून भागत नाही. तो कसा काढला याचा हिशेब पत्रातच द्यावा लागतो. फी जास्त वाटली तर फेरविचार मागता येतो, आणि त्यासाठी कोणत्या अधिकाऱ्याकडे, किती मुदतीत जायचे हेही पत्रात लिहावे लागते. दोन ओळींच्या पत्रात यातले काही नसेल, तर ते पत्र कायद्याप्रमाणे अपुरे आहे.

मुदतीची मोजणीही समजून घेण्यासारखी आहे. माहिती 30 दिवसांत द्यायची असते. पण फीचे पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरले जात नाहीत. त्यामुळे पत्र आले की सगळे लांबले, असा समज होतो. प्रत्यक्षात पत्र 28 व्या दिवशी निघाले असेल, तर अर्जदाराने पैसे भरल्यावर अधिकाऱ्याच्या हाती दोनच दिवस उरतात. ती मुदत उलटली की कलम 7(6) लागू होते आणि माहिती मोफत द्यावी लागते, मग पाने 340 असोत की 3,400. म्हणून पैसे भरल्याची पावती आणि पत्राचा लिफाफा, दोन्ही जपून ठेवावेत.

सगळ्यात स्वस्त वाट मात्र फाईल जाऊन पाहण्याची आहे. अभिलेखाची पाहणी करणे, टिपणे काढणे हाही याच कायद्याने दिलेला हक्क आहे. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. पाहून झाल्यावर हव्या त्या बारा पानांवर खुणा करायच्या आणि 24 रुपये भरायचे. पुणे महापालिकेने तर दर सोमवारी ठरावीक वेळ पाहणीसाठी खुला ठेवण्याची पद्धत सुरू केली होती. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने ती जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली: सोमवारी दुपारी 3 ते 5. तालुक्याच्या गावी ही सोय आजही फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि तिचा फलक लावणे हे काही फार खर्चाचे काम नव्हे.

या कायद्याच्या मुळाशीच झेरॉक्सचे भांडण आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या. पंचायतीच्या हजेरीपटावर न राबलेल्यांची नावे आणि कागदावरच बांधलेल्या इमारती गावासमोर वाचून दाखवल्या जात. सरकारने प्रती देण्याचे आश्वासन दिले, पण आदेश निघेना. तेव्हा 1996 मध्ये ब्यावर इथे लोक चाळीस दिवस धरणे धरून बसले. त्यांना कागद नुसता पाहायचा नव्हता, त्याची प्रत हातात हवी होती. कारण प्रत असली की कोणाला नाकबूल जाता येत नाही.

आपल्याकडच्या नियमांत कर्मचाऱ्यांच्या वेळेचे पैसे घेण्याची तरतूद नाही, हे मोठे बळ आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी खरा वाद त्यावरच होतो. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड शहराकडे वकिलांच्या एका संघटनेने डिसेंबर 2014 च्या निदर्शनांतील पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण मागितले. गोपनीय भाग गाळायला कर्मचाऱ्यांचा वेळ गेला, असे सांगत शहराने सुमारे 3,247 डॉलर आकारले. खालच्या न्यायालयाने संघटनेच्या बाजूने, अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. अखेर मे 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की भाग गाळण्याच्या कामाचे पैसे मागणाऱ्याकडून घेता येणार नाहीत.

आयर्लंडने 2003 मध्ये वैयक्तिक नसलेल्या माहितीच्या अर्जाला 15 युरो फी लावली. अर्जांची संख्या कोसळली. 2014 च्या नव्या कायद्याने ती फी रद्द केली. भारतातही अलाहाबाद उच्च न्यायालयाने अर्जाला 500 रुपये ठेवले होते; सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये सांगितले, की अर्जाची फी साधारणपणे 50 रुपयांपेक्षा आणि पानाचा दर 5 रुपयांपेक्षा जास्त नसावा. महाराष्ट्राचे दर या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत.

एका बाबतीत मात्र महाराष्ट्र केंद्राच्या मागे आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांबाबत अपील करायला फी लागत नाही. इथे पहिल्या अपिलाला 20 रुपये आणि दुसऱ्यालाही 20. उत्तर दिले नाही ते कार्यालयाने, आणि स्टॅम्प मात्र पुन्हा अर्जदाराने आणायचा, हे न्यायाला धरून नाही. राज्याने ही फी काढून टाकायला हवी. आज 340 पानांचा आकडा फुगवलेला आहे असे वाटून त्याविरुद्ध अपिलात जायचे, तरी अर्जावर आधी वीस रुपयांचा स्टॅम्प लावावा लागतो.