पाच वॉटचा व्हॉल्व्ह, दोन व्होल्टचं काम

घरी जुळवलेला व्हॉल्व्ह प्रीअँप उघडला, की आत बहुधा बोटभर उंचीचा ईसीसी८३ दिसतो. काही हौशी मंडळी मात्र तिथे ईएल८४ बसवतात. हा पॉवर व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत लाउडस्पीकर वाजवणं हे त्याचं काम, आणि एकटा पाचेक वॉट देणारा. मलार्डच्या गाजलेल्या '५-१०' सर्किटमध्ये त्याची जोडी १० वॉट द्यायची. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला. प्रीअँपला वॉट नकोच असतात, एक-दोन व्होल्ट मिळाले की झालं. मग पैलवानाला पानाचा विडा उचलायला का लावायचं?

उत्तर केबलमध्ये आहे. ईसीसी८३ सिग्नल भरपूर वाढवतो, पण त्याचा आतला रेझिस्टन्स साठेक हजार ओहम. प्लेटला १ लाख ओहमचा रेझिस्टर लावला, तर आउटपुट इम्पीडन्स ४० हजारांच्या घरात जातो. शील्डेड केबलचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरा. ५ मीटरचे झाले ५००. एवढ्यानेच ८ किलोहर्ट्झला सिग्नल ३ डेसिबलने उतरतो आणि त्यापुढे उतरतच जातो. झांजेची लकाकी बरीचशी याच पट्ट्यात असते. ती अँप्लिफायरपर्यंत धड पोचतच नाही.

ईएल८४ची स्क्रीन ग्रिड १०० ओहममधून प्लेटला जोडली, की तो ट्रायोडसारखा चालतो. आतला रेझिस्टन्स २ हजार ओहमच्या आसपास. आता तीच केबल १५० किलोहर्ट्झपर्यंत काही बिघडवत नाही.

फुकट मात्र काहीच नाही. दोन चॅनेलचे दोन ईएल८४ हीटरलाच दीड अँपिअर खातात. ईसीसी८३चं दोन्ही चॅनेलचं काम ०.३ अँपिअरमध्ये भागतं. वर २०० व्होल्ट, २० मिलिअँपिअरवर चालवला तर प्रत्येक प्लेटवर ४ वॉट निव्वळ उष्णता. मे महिन्यात बंद पेटीत हे नकोच. वर-खाली जाळी हवी. शिवाय हा व्हॉल्व्ह चपळ आहे. वायरिंग लांबलं तर ऐकू न येणाऱ्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर स्वतःच ऑसिलेट होऊ लागतो. म्हणून ग्रिडचा १ हजार ओहमचा रेझिस्टर थेट सॉकेटच्या पिनवर डाखवावा. यात आळस केलेला चालत नाही.

गेनही जास्तच होतो. सीडी प्लेअर मुळात २ व्होल्ट देतो, त्याला आणखी १५ पट वाढवून करायचं काय? ४:१चा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावला तर गेन चौथाई आणि इम्पीडन्स सोळावा हिस्सा होतो, पण चांगला ट्रान्सफॉर्मर खिसा रिकामा करतो.

माझं मत विचाराल, तर अँप्लिफायर शेजारच्याच फळीवर असेल आणि केबल मीटरभर असेल, तर ईसीसी८३ पुरतो. स्पीकरजवळ ठेवलेल्या अँप्लिफायरपर्यंत लांब केबल ओढायची असेल, तरच ईएल८४चा खटाटोप करा. आणि दोन्हींतलं काहीही बनवा, कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर लावाच. स्विच बंद केल्यावरही तिथे अडीचशे-तीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात, तेव्हा मीटर शून्यावर आल्याशिवाय आत हात घालू नका.