आधी कुणाचं कर्ज फेडायचं: जो ओरडतो त्याचं, की जे महाग पडतं ते?

पहिली नोकरी लागली की पहिल्या पगाराच्या मागोमाग पहिला हप्ता येतो, असा आता शिरस्ताच पडला आहे. मोबाईल हप्त्यावर, मोटारसायकल हप्त्यावर, घरात लग्न निघालं की पर्सनल लोन, आणि वीस तारखेला खिसा रिकामा झाला की क्रेडिट कार्ड किंवा मोबाईलमधलं एखादं लोन अ‍ॅप. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे शाळेतून बाहेर पडलेली बावीस-पंचवीस वर्षांची मुलं-मुली आम्हाला भेटत राहतात. त्यांच्या बोलण्यात हा विषय उशिरा येतो, पण येतोच. आणि प्रश्न जवळजवळ एकच असतो: "चार ठिकाणचं देणं आहे, आधी कुणाचं देऊ?"

बहुतेकांनी याचं उत्तर मनात ठरवलेलं असतं. जो सारखा फोन करतो, त्याला आधी. जो गप्प बसतो, त्याला नंतर. आमच्या मते इथेच हिशेब बिघडतो. सर्वांत जास्त फोन करणाऱ्याचं कर्ज सर्वांत महाग असेलच असं नाही. आणि गप्प बसणारा बहुतेक वेळा आपलाच मामू नाहीतर खाला असते. त्यांचा पैसा वर्षानुवर्षं अडकून राहतो आणि नातं आतून पोखरत जातं.

पहिलं काम: एक कागद

मार्ग निवडायच्या आधी सगळं देणं एका कागदावर लिहून काढा. कुणाचं आहे, आज किती बाकी आहे, व्याज किती, हप्ता किती व कोणत्या तारखेला, आणि हप्ता चुकला तर काय होतं, असे पाच रकाने पुरेत. मित्राकडून घेतलेले दोन हजारही त्यात आले पाहिजेत.

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे, आणि ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, मुदत ठरवा, साक्षीदार ठेवा, हा तिचा आशय. आणि आपल्याकडे काय होतं? नात्यात पैसे देताना लिहायचं म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. दोघांची आठवण वेगवेगळी होऊ नये, एवढीच ती सोय आहे.

सोबत आपला क्रेडिट रिपोर्टही काढा. देशात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या हा अहवाल ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपण विसरलेलं किंवा आपल्या नावावर भलत्यानेच उचललेलं कर्ज तिथे दिसतं. दोस्तासाठी जामीन राहिला असाल तर तेही कागदावर लिहा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, एका मुलाचा पगार २२,००० आहे. घरी ९,००० देतो. पेट्रोल, डबा, रिचार्ज यात ४,००० जातात. उरले ९,०००. त्याचं देणं असं: क्रेडिट कार्डाचे ४०,०००, मोबाईलचा २,००० चा हप्ता अजून सहा महिने, मोटारसायकलचा २,६०० चा हप्ता अजून वीस महिने, आणि मामूकडून घेतलेले बिनव्याजी २०,०००.

कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरू. अनेक कार्डांचा दर याच्या आसपास असतो. ४०,००० वर महिन्याचं व्याज झालं १,४००. व्याजावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. म्हणजे १,६५२ नुसते वरचे. बिलावर 'किमान देय रक्कम' २,००० लिहिलेली असते. मुलगा तेवढे भरतो आणि निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्यातले ३४८ रुपयेच मुद्दलात जातात. असाच दरमहा २,००० भरत राहिला, तर नवीन खरेदी एका रुपयाची न करतासुद्धा ४३ महिने लागतील आणि सुमारे ८६,००० रुपये जातील.

आता तिन्ही हप्ते देऊन त्याच्याकडे २,४०० उरतात. ते कुठे घालायचे? दोन पद्धती सांगितल्या जातात. एक, सर्वांत महाग व्याजाचं कर्ज आधी. यात पैसे जास्त वाचतात. दुसरी, सर्वांत लहान कर्ज आधी. यात एक खातं लवकर बंद होतं आणि माणसाला धीर येतो. पाच-सहा छोट्या देण्यांनी जीव मेटाकुटीला आला असेल, तर दुसरी पद्धत वाईट नाही. पण कार्डासारखं महाग कर्ज असेल, तर आम्ही पहिलीच सुचवू.

या मुलाने उरलेल्यांतले १,९०० कार्डात घातले आणि ५०० मामूला दिले. सहा महिन्यांनी मोबाईलचा हप्ता संपला की ते २,००० सुद्धा कार्डाकडे वळवले. कार्ड अकरा महिन्यांत संपतं, आणि एकूण भरणा साधारण ५१,००० ते ५२,००० होतो. त्यानंतर सगळी सुटलेली रक्कम मामूकडे. तीन महिन्यांत तेही फिटतं. पगार वाढला नाही, फक्त क्रम बदलला.

अट एकच: कार्ड कपाटात. मागची बाकी पूर्ण भरलेली नसताना नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्याच दिवसापासून व्याज लागतं.

नवं कर्ज काढून जुनं फेडावं का?

ज्याच्या हातात वरचे २,४०० उरतच नाहीत, त्याने काय करायचं? बँकेला विचारावं की कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून मिळेल का. समजा वार्षिक १८ टक्क्यांनी २४ महिन्यांचे हप्ते मिळाले, तर ४०,००० चा हप्ता २,००० च्या जवळपास येतो. जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळं. म्हणजे जे २,००० पूर्वी पाण्यात जात होते, तेच दोन वर्षांत कर्ज संपवतात.

पण कर्जासाठी कर्ज घेताना तीन प्रश्न विचारा. व्याजदर खरोखर कमी होतो का? शेवटपर्यंत भरायची एकूण रक्कम कमी होते का? जुनं खातं त्याच दिवशी बंद होतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा. हप्ता लहान झाला म्हणून खूश होऊ नका; मुदत लांबवली की हप्ता लहान होतोच.

व्याजाच्या अशा व्यवहाराबद्दल शरियतचं म्हणणं काय, हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा. तो अधिकार आमचा नाही. हिशेब मात्र समोर ठेवून विचारा, म्हणजे त्यांनाही नीट सांगता येईल.

लोन अ‍ॅपचं प्रकरण

इथे आधी पाहायचं की कर्ज देणारी नोंदणीकृत बँक किंवा वित्त कंपनी मागे आहे की नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम घातले. पैसे कर्जदात्याकडून थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत. वार्षिक खर्चाचा दर आणि सगळे आकार सांगणारं पत्रक आधी दिलं पाहिजे. तुमच्या फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी अ‍ॅपने उघडता कामा नये. ठरलेल्या थोड्या मुदतीत दंड न भरता कर्ज परत करण्याची सोय दिली पाहिजे.

जे अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर मागतं, सात दिवसांत दुप्पट मागतं, फोटो बिघडवून पाठवायची धमकी देतं, ते नियमातलं नाही. अशा वेळी त्याला गप्प करण्यासाठी दुसऱ्या अ‍ॅपचं कर्ज घेऊ नका. धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या नंबरवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, पोलीस ठाण्यात जा. आणि घरच्यांना व जवळच्यांना स्वतःच आधी सांगून टाका. त्या लोकांचं सगळं बळ तुमच्या लपवण्यात असतं. सांगून झालं की धमकी निम्मी होते.

वसुलीवाले आले तर

घेतलेलं परत करायचंच आहे, पण वसुलीलाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांसमोर बदनामी करू नये. असं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

"हप्ता चुकला, आता जेल" ही भीती अनेक मुलांना घातली जाते. निव्वळ कर्ज थकलं म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही. तो दिवाणी मामला आहे. पण दिलेला चेक न वटणं वेगळं. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर त्यालाही अशीच तरतूद आहे. म्हणून पैसे नसतील तर तारखेच्या आधी बँकेला लेखी कळवा आणि मुदत मागा.

कमी रकमेत 'सेटलमेंट' करून देतो, असा निरोप आला तर लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि एजंटाच्या खासगी खात्यात तर मुळीच नाही. सेटलमेंट केलेलं कर्ज रिपोर्टमध्ये 'बंद' नव्हे, 'सेटल्ड' दिसतं. पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आड येतं. अगदीच इलाज नसेल तरच तो रस्ता.

मामूला काय सांगायचं?

बिनव्याजी पैसा स्वस्त असतो म्हणून हिशेबात तो मागे राहतो. पण मागे राहणं आणि विसरणं यात फरक आहे. मामूकडे जा, कागद दाखवा. "दरमहा पाचशे देतो, पुढच्या वर्षी अमुक महिन्यापासून जास्त देतो," एवढं सांगा आणि ते पाचशे चुकवू नका. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवलत द्यावी, असं सूरह बकराच्या २८० व्या आयतीत आहे. ती सवलत मागायला तोंड दाखवावं लागतं. फोन न उचलणाऱ्याला सवलत कोण देणार?

जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आपल्या मोहल्ल्यातले बैतुलमाल आणि जकात वाटणाऱ्या कमिट्या औषधपाणी, राशन, फी यासाठी मदत करतात. ज्याने आजारपणात किंवा रोजगार गेल्यामुळे कर्ज काढलं आणि आता बुडतो आहे, अशा तरुणाचा अर्जही त्यांनी घ्यावा, कागद तपासावा, आणि मदत थेट कर्जदात्याला द्यावी. नाव चारचौघांत होऊ नये.

आणि आई-वडिलांना एक विनंती. मुलाने किंवा मुलीने तो कागद तुमच्यासमोर ठेवला, तर पहिली दहा मिनिटं ओरडू नका. आधी बेरीज करा. रागावायला नंतर वेळ आहे. तुम्ही आज ओरडलात, तर पुढचं कर्ज तुम्हाला वसुलीवाल्याकडून कळेल.