केबलला नवे रूप

संगणकाच्या मागे लोंबणारा वायरींचा गुंता टेबलाची शोभा घालवतो. स्वस्त केबलचे प्लास्टिक कालांतराने मळकट, चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. अशा केबलवर घरच्या घरी विणलेले आवरण चढवता येते.

हे आवरण पॉलिएस्टरच्या तंतूंचे, नळीसारखे असते. बाजारात त्याला 'स्लीव्ह' म्हणतात. त्याची वीण तिरकस असते. त्यामुळे दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलली की ते रुंद होते आणि ताणले की आवळते. म्हणूनच ते रुंद प्लगवरून सहज सरकते व पुढे बारीक केबलला घट्ट बसते.

आवरण कापल्यावर टोकाचे तंतू सुटू लागतात. ते बांधून ठेवण्यासाठी उष्णतेने आकसणाऱ्या नळीचे छोटे तुकडे वापरतात. येथे थोडा हिशेब करावा लागतो. यूएसबी प्लगवरून जाण्यास सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची नळी लागते, असे समजू. निम्म्याने आकसणारी नळी ८ मिलिमीटरवरच थांबेल आणि बारीक केबलवर सैल राहील. एक तृतीयांश होणारी नळी मात्र ५ मिलिमीटरच्या आसपास येऊन आवरण घट्ट धरील.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम केबल संगणकातून काढून कोरड्या फडक्याने पुसावी. मग नळीचा एक तुकडा, त्यामागून आवरण आणि शेवटी नळीचा दुसरा तुकडा ओवावा. आवरण ताणून बसवावे, तुकडे त्याच्या टोकांवर आणावेत आणि गरम हवेच्या यंत्राने शेकावेत. हवेचा झोत सतत फिरता ठेवावा. एकाच जागी धरल्यास केबलचे प्लास्टिक वितळू शकते.

संगणकाच्या पेटीतील वायरींबाबत अधिक सावध राहावे लागते. तेथील रंग केवळ शोभेसाठी नसतात. सर्वसाधारणपणे पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, केशरी ३.३ व्होल्टची, तर काळी ग्राउंडची असते. प्लगमधील पिना काढून वायरी सुट्या केल्या आणि एखादी चुकीच्या जागी बसली, तर महागडे भाग क्षणात जळू शकतात. म्हणून पिना न काढता, लांबीने चिरलेले आवरण सगळ्या जुडग्याभोवती गुंडाळावे आणि प्लगजवळचे रंग दिसू द्यावेत. त्याआधी वीजजोडणी काढून ठेवावी. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात काही काळ विद्युतभार साठून राहतो.

उंदराने कुरतडलेली किंवा चिरा गेलेली केबल आवरणाखाली झाकणे म्हणजे धोका नजरेआड करणे होय. अशी केबल बदलावी. सजावट करावी ती धडधाकट वस्तूची. दोष लपवणाऱ्या सजावटीपेक्षा साधी, उघडी पण सुरक्षित केबल केव्हाही चांगली.