घराबाहेर पडण्याची धास्ती

एसटीत बसल्यावर अचानक छाती धडधडू लागते. श्वास पुरत नाही, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि 'आता आपण जगत नाही' असे वाटते. काही मिनिटांत हे शिगेला पोचते, मग हळूहळू ओसरते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. पहिल्यांदा असे झाले तर आधी डॉक्टरांकडेच जावे. हृदयविकार, थायरॉइड, अंगात रक्त कमी असणे यांतही धडधड होते. ते तपासल्याशिवाय 'मनाचे आहे' असे कोणी म्हणू नये.

एखादा झटका म्हणजे आजार नव्हे. झटके विनाकारण पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि 'पुढचा कधी येईल' ही चिंता महिनाभर तरी सुटली नाही, तर तो पॅनिक डिसऑर्डर.

पुढचे पाऊल घरच्यांच्या लक्षात येत नाही. समजा, एका ताईंना माळीवाडा स्टँडवर झटका आला. पुढच्या वेळी त्या स्टँडवर जायचे टाळतात. टाळल्याने बरे वाटते, आणि तिथेच घोटाळा होतो. मनाची खात्री पटते की तिथे गेलो नाही म्हणूनच वाचलो. मग आठवडे बाजार सुटतो, रेशनची रांग सुटते, पौर्णिमेला विहारात जाणे सुटते. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही सोबत लागते. हा ॲगोराफोबिया. १८७१ मध्ये बर्लिनच्या वेस्टफाल या डॉक्टरांनी हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'अगोरा' म्हणजे बाजाराचा चौक. पण खरी भीती चौकाची नसते. 'इथे काही झाले तर निघता येणार नाही, कोणी मदतीला येणार नाही' ही ती भीती. काहींना झटका न येताही ती जडते, तर झटके येणारे सगळेच घरात बसत नाहीत. म्हणून २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत हे दोन वेगळे आजार धरले आहेत, जरी ते पुष्कळदा एकत्र आढळतात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सोनई (२०१३), खर्डा (२०१४) ही नावे आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. गावातल्या ज्या चौकात खरोखर दहशत आहे, तिथे जायला घाबरणे हा आजार नाही. तिथे गोळी नव्हे, कायदा आणि संघटना लागते. धोक्याच्या मानाने भीती फार मोठी असेल आणि ती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली, तरच आजार म्हणायचे.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही अशा वेळी उतारा, गंडादोरा होताना आम्ही पाहतो. काही घरांत 'नाटके करते' म्हणून बोलणी बसतात. आणि मायेची माणसे सगळी बाहेरची कामे आपल्या अंगावर घेतात. ही माया आजाराला खतपाणी घालते.

उपचार आहे, आणि तो चांगला लागू पडतो. समुपदेशक पायरी-पायरीने बाहेर काढतात: आज सोबतीने गल्लीच्या टोकापर्यंत, मग रेशन दुकान, मग स्टँडवर नुसते उभे राहणे, मग एक थांबा एसटीने. भीती वाढली तरी ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचे, अर्ध्यातून पळायचे नाही. डॉक्टर गोळ्याही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या मनाने बंद करू नयेत. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या झोपेच्या वा 'शांत होण्याच्या' गोळ्यांची मात्र सवय लागते. दारूचेही तेच. आनापानसती जरूर करावी, पण उपचाराच्या जागी नव्हे. झटक्याच्या वेळी श्वासाकडे लक्ष दिल्याने काहींची घुसमट उलट वाढते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची चौकशी करावी. सरकारी उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. तिथपर्यंत जाणेच जमत नसेल, तर घरी बसून आधी टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर बोलावे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते.