फिकट रेघ आणि सोन्याचे कण

सोन्याचा रंग कोणता, असं विचारलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण मैत्रिणींनो, माझी धाकटी जाऊ एका पहाटे गर्भतपासणीची पट्टी घेऊन आली, तेव्हा तिच्यावरची लालसर रेघ बहुधा सोन्याचीच होती! अशा बऱ्याच पट्ट्यांत सोनं असतं. रेघ इतकी फिकट की आम्ही दोघी खिडकीशी धरून बघत राहिलो. "वहिनी, आहे का हो?" लग्नाला सहा वर्षं झालेली. मला 'हो' म्हणवेना, 'नाही' तर नाहीच.

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. वीस-चाळीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असले की ते माणकासारखे लाल दिसतात. फॅरेडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये असं लाल सोनं करून त्याचा अभ्यास केला होता. पट्टीत हे कण गर्भारपणातल्या संप्रेरकाला धरतात आणि रेघेवर गोळा होतात. संप्रेरक थोडं, तर कण थोडे नि रेघ फिकट. म्हणून सकाळची पहिली लघवी घ्यायची. आणि पट्टी पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचायची बरं का, तासाभराने नव्हे.

रंगाऐवजी उजेड पाहिला तर? काही रंगद्रव्यांवर प्रकाश टाकला की ती स्वतः चमकतात. रक्तातला एखादा घटक त्यांच्या मदतीने शोधता येतो, पण घटक अगदी कमी असला तर चमकही मिणमिणती. इथे सोन्याचांदीचे कण कामाला येतात. प्रकाश पडला की धातूतले इलेक्ट्रॉन एकदम हिंदकळतात आणि कणाच्या अवतीभवती प्रकाश एकवटतो. शेजारचं रंगद्रव्य मग कितीतरी जास्त उजळतं. समईमागे घासलेलं ताट ठेवावं तसं म्हणावं, तर इथे नुसतं परावर्तन नाही. आणि गंमत म्हणजे, रंगद्रव्य धातूला अगदी चिकटलं तर धातू त्याची चमक गिळून टाकतो! पाच-दहा नॅनोमीटरचं अंतर लागतं, म्हणून मध्ये काचेसारखा पातळ लेप देतात. (सासरमाहेरच्या अंतराची आठवण झाली ना?)

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नेओमी हालास या बाईंच्या गटाने २००९ साली सोन्याचं कवच असलेले कण वापरून एका रंगद्रव्याची चमक सुमारे चाळीसपट वाढवली. ते रंगद्रव्य डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चमकतं. हा प्रकाश मांसातून जरा खोलवर जातो, म्हणून गाठी शोधायला त्याचा उपयोग व्हावा अशी आशा आहे. पण शरीरात सोडलेले सोन्याचे कण यकृतात साठून राहतात, त्यामुळे तिथे घाई करून चालत नाही. नळीतल्या रक्ताच्या थेंबाला ती भीती नाही.

सुरुवातीच्या दिवसांत ते संप्रेरक दोन-तीन दिवसांत दुपटीने वाढतं. जावेला तेवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने दुसरी पट्टी आणली. या खेपेला खिडकीशी जावं लागलं नाही.