दात्याचा हेतू हिशेबात जपू या : धर्मग्रामाचे जमाखर्च आणि 'कॉस्ट सेंटर'

धर्मग्रामात वर्षभर अनेक वाटांनी दान येत असते. रविवारच्या मिस्सातील अर्पण, चर्चच्या छपरासाठी दिलेली देणगी, आजारी गरिबांसाठी पेटीत टाकलेले पैसे, विडी कामगारांच्या मुलांच्या शालेय शुल्कासाठी दिलेली मदत, ही सर्व रक्कम बहुधा एकाच बँक खात्यात जमा होते. पैसा एकत्र झाला तरी दात्यांचे हेतू मात्र वेगवेगळेच राहतात. काही वर्षांनी प्रमुख धर्मगुरूंची बदली होते, खजिनदार बदलतात आणि नव्यांच्या हाती फक्त शिल्लक रकमेचा आकडा येतो. त्यातील किती रक्कम कशासाठी दिली होती, हे सांगणारे कोणी उरत नाही. पुणे धर्मप्रांतातील सोलापूरसारख्या ठिकाणी, जेथे भाविकांचे दान कष्टाच्या कमाईतून येते, तेथे ही बाब गंभीर आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

संत पौलाने यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी वर्गणी जमविली, तेव्हा ती नेण्यासाठी तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू बंधू पाठविले. या रकमेबाबत कोणी दोष देऊ नये, हा त्याचा उद्देश करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट होतो. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या संहितेतही हेच तत्त्व आहे. कलम १२६७ नुसार विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते. कलम १२८४ नुसार जमाखर्चाच्या वह्या सुव्यवस्थित ठेवून वर्षअखेरीस अहवाल तयार करावा लागतो. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी, ही तरतूद कलम ५३७ मध्ये आहे.

खाते आणि खूण

हिशेबातील खाते, म्हणजे लेजर, पैसा कशावर खर्च झाला ते सांगते : वीज, पाणी, पगार, औषधे. तो कोणत्या कार्यासाठी खर्च झाला, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीला दुसरी एक खूण लावावी लागते. टॅली या प्रणालीत तिला 'कॉस्ट सेंटर' म्हणतात, तर झोहो बुक्समध्ये 'रिपोर्टिंग टॅग'.

एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात १,२०० रुपयांचा पाण्याचा टँकर मागविला. त्यातील पाणी काही चर्चला आणि बहुतांश वसतिगृहाला लागले. खाते एकच राहील, 'पाणी खर्च'. मात्र नोंद करतानाच ४०० रुपये 'उपासना' आणि ८०० रुपये 'वसतिगृह' या खुणांखाली विभागता येतात. वर्षाच्या शेवटी वसतिगृह चालविण्यास खरोखर किती खर्च आला, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

टॅलीप्राइममध्ये 'एफ ११' ही कळ दाबून कॉस्ट सेंटरची सोय सुरू करावी, आपल्या कार्यांच्या नावांनी केंद्रे तयार करावीत आणि संबंधित खात्यांना ती लागू करावीत. त्यानंतर व्हाउचर भरताना प्रणाली स्वतःच केंद्र विचारते. कार्य आणि ठिकाण, उदाहरणार्थ मुख्य चर्च व उपकेंद्र, अशा दोन अंगांनी विभागणी हवी असल्यास 'कॉस्ट कॅटेगरी' उपयोगी पडते.

शिलकीचा खरा अर्थ

समजा, ३१ मार्चला बँकेत ४,१०,००० रुपये आहेत. नव्या ध्वनिक्षेपकांचा प्रस्ताव आला की 'पैसे आहेत' असे वाटते. परंतु त्यातील १,५०,००० छपरासाठी, ९०,००० रुग्णसाहाय्यासाठी आणि ६०,००० शालेय शुल्कासाठी आलेले असतील, तर समितीला ठरविण्यासाठी मोकळे फक्त १,१०,००० रुपये उरतात. उरलेल्या तीन लाखांचा निर्णय दात्यांनी आधीच केलेला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खूण ही जमा आणि खर्चाचा प्रवाह दाखविते. पुढील वर्षी न्यावयाची राखीव शिल्लक मात्र ताळेबंदात त्या निधीच्या स्वतंत्र खात्यातच दिसली पाहिजे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांच्या विहित ताळेबंदात अशा निधींसाठी जागा आहेच. उत्पन्न-खर्च पत्रकातही न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्य निवारण व इतर धर्मादाय असा विभागून द्यावा लागतो. खुणांची नावे या विभागणीशी जुळती ठेवली, तर लेखापरीक्षणाच्या वेळी जुनी व्हाउचरे पुन्हा उपसावी लागत नाहीत.

काही सूचना

१. खुणा मोजक्याच असाव्यात. सहा-आठ पुरेशा आहेत. तीस केल्या तर नोंद करणारा गोंधळतो आणि सर्व काही 'इतर'मध्ये जाते.

२. हेतू पावती फाडतानाच लिहावा. नंतर आठवून लिहिलेल्या हेतूवर विसंबता येत नाही. हेतू सांगितलेलाच नसेल, तर 'सर्वसाधारण' ही खूण लावावी.

३. जागतिक मिशन रविवारचे अर्पण धर्मग्रामाचे उत्पन्न नव्हे. ते पुढे पाठवावयाची रक्कम म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावे.

४. परदेशी देणगीसाठी केवळ खूण पुरत नाही. परकीय योगदान कायद्यानुसार तिचे बँक खाते आणि हिशेब दोन्ही स्वतंत्र ठेवावे लागतात.

५. हेतू बदलणे अपरिहार्य झाल्यास समितीने परस्पर निर्णय न घेता धर्मप्रांताच्या कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे.

दर तीन महिन्यांनी कार्यनिहाय अहवाल आर्थिक समितीपुढे वाचावा आणि त्याचा सारांश चर्चच्या सूचनाफलकावर लावावा. भाविकांनीही पाकिटावर दानाचा हेतू स्पष्ट लिहून या कामात साहाय्य करावे. रुग्णासाठी ठेवलेला रुपया रुग्णापर्यंतच पोहोचला, हे ज्या धर्मग्रामाला दाखविता येते, तेथे विधवेची दोन नाणीही निःशंक मनाने अर्पण केली जातात.