गारठलेलें पिलूं

गेल्या आषाढांत, चार दिवस पावसाची झड खळली नव्हती अशा एका सकाळीं, आमचा नातू ओंजळींत कांहीं तरी जपून घेऊन पडवींत आला. शेजारच्या वाडींतील कोंबडी पांच पिलें घेऊन खुराड्याबाहेर पडली होती. मागें राहिलेलें सहावें अंडें उशिरां फुटलें, आणि त्यांतील जीव ओल्या गवतांत तसाच पडून राहिला. लव अंगाला चिकटलेली, मान लुळी, डोळे मिटलेले, पाय थंडगार. चोंच तेवढी मधून मधून उघडे.

"भावोजी, ही ब्याद माजघरांत नको हो," आमच्या वडील वहिनी म्हणाल्या. त्यांचें सोंवळें कडक. आम्हीं निवेदन केलें कीं, अमरकोशांत 'द्विज' या शब्दाचे दांत, विप्र आणि अंडज असे अर्थ दिले आहेत. तेव्हां पाहुणा अगदींच परक्या कुळांतला नव्हे. वहिनी हंसल्या नाहींत. पण जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा त्यांनीं पुढें केला. आमच्या संस्कृताचा इतका रोकडा उपयोग क्वचितच झाला असेल.

अशा वेळीं पहिली चूक कोणती होते, तें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं असेंच एक पिलूं आमच्या हातीं आलें असतां, तें भुकेनें मरत आहे असें समजून आम्हीं त्याच्या चोंचींत चमच्यानें कोमट दूध ओतलें. तें गुदमरलें आणि आमच्या तळहातावरच गतप्राण झालें. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशींच श्वासनलिकेचें तोंड असतें. गिळण्याचें त्राण नसलेल्या जिवाला पाजलेलें द्रव सरळ फुप्फुसांत उतरतें. शिवाय दूध हें कोंबडीच्या पिलाचें अन्नच नव्हे. आणि खरें पाहतां तें भुकेलेलेंही नव्हतें. अंडें फुटण्यापूर्वीं बलकाचा उरलेला अंश पिलाच्या पोटांत ओढला जातो, व त्या शिदोरीवर तें दोन दिवस तरी सहज तग धरतें. तें मरत होतें थंडीनें, आणि आम्ही त्याला जेवूं घालीत बसलों होतों!

कोंबडीच्या शरीराची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते. नवजात पिलाला मात्र पहिले दोन-तीन आठवडे स्वतःची उष्णता नीट राखतां येत नाहीं, आणि लव भिजलेली असली म्हणजे असलेली ऊबही निघून जाते. म्हणून या खेपेस आम्हीं प्रथम तें हलक्या हातानें टिपून कोरडें केलें आणि लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून छातीशीं धरलें. मग पुठ्ठ्याच्या खोक्यांत गोणपाट अंथरून एका कोपऱ्यावर ६० वॅटचा जुना पिवळा दिवा टांगला. हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, पण या कामाला पुरेल अशी ऊब देत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. वर्तमानपत्र अंथरूं नये. गुळगुळीत कागदावर कोंवळे पाय फांकतात व पुढें अधूपणा येतो. पिलाच्या उंचीवर सुमारें ३५ अंश उष्णता हवी. पुढें दर आठवड्यास तीनेक अंश कमी करीत जावें. दुसरा कोपरा थंड ठेवला म्हणजे पिलालाच आपली जागा निवडतां येते. दिव्याखालीं अंग चोरून चिवचिवाट करूं लागलें तर ऊब अपुरी. चोंच वासून धापा टाकीत दूर गेलें तर फाजील. बेंबीला वाळलेला दोरा लोंबत असेल तर तो ओढूं नये.

दुपारपर्यंत त्यानें मान उचलली. रात्रीं नवाच्या सुमारास वीज गेली. आम्ही काडेपेटी चांचपडत होतों, तोंच वहिनींनीं चुलीवर पाणी तापवून बाटलींत भरलें, फडक्यांत गुंडाळलें आणि स्वतःच्या हातानें खोक्यांत ठेवलें. बाटली निवेल तशी त्या पहांटेपर्यंत बदलीत होत्या. आम्हांला जवळ येऊं दिलें नाहीं. "तुम्हीं एक मारलेंत तेवढें पुरे," एवढेंच म्हणाल्या, आणि उजाडतांच त्यांनीं स्नान केलें.

सकाळीं पिलूं उभें राहिलें. तेव्हां कोठें गुळाच्या कोमट पाण्यांत त्याच्या चोंचीचें टोंक बुडविलें. तें आपण होऊन प्यालें. त्यानंतर तांदळाची बारीक कणी टाकली. एक-दोन दिवसांपुरती ती चालते. पुढें वाढीसाठीं वीसेक टक्के प्रथिनें असलेलें पिलांचें खाद्यच लागतें. मागील बाजूस विष्ठा चिकटून वाळली असल्यास ती कोमट पाण्यानें भिजवून काढावी, नाहीं तर वाट बंद होऊन पिलूं दगावतें. पिलाला हाताळल्यावर मुलांचे हात साबणानें धुववावे.

दुसऱ्या रात्रीं, अंधार पडल्यावर, आम्हीं तें नेऊन कोंबडीच्या पंखाखालीं सरकविलें. दिवसां ती परक्या पिलाला टोंचण्याचा संभव. अंधारांत बहुधा स्वीकारते. ती जराशी कुरकुरली आणि पंख पसरून बसली. सकाळीं तिच्यामागें सहा पिलें होतीं. त्यांतलें आपलें कोणतें, हें आम्हांला ओळखतां आलें नाहीं. वहिनींनीं मात्र पडवीवरूनच बोट दाखविलें.